वर्गातून वॉर्डात

सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानाचा नववा अध्याय वाचताना आपण वैद्याच्या पाठशाळेत आहोत की भाजीबाजारात, असा क्षणभर प्रश्न पडतो. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी अशी एकेक फळभाजी समोर येते. शस्त्राने छेद कसा घ्यायचा हे शिष्याने आधी या फळांवर शिकायचे. फोडण्याची क्रिया पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर करायची. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर आणि शिरेला वेध घेण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर करायचा. जखमेत रुतलेली वस्तू बाहेर काढण्याची सवय फणसाच्या आणि बेलफळाच्या गरात हात घालून लावायची. टाके घालायचे ते जाड कापडाच्या कडांना, आणि पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या आकाराच्या बाहुलीला.

या अध्यायाचे नाव योग्यासूत्रीय. 'योग्या' म्हणजे सराव. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कामाला योग्य नाही, एवढे ग्रंथकार सरळ सांगतो. आम्हांला या यादीमागचा विचार फार मोलाचा वाटतो. शिकणाऱ्याची पहिली चूक कोणाच्या तरी अंगावर होणारच. ती माणसाच्या अंगावर न होता भोपळ्यावर व्हावी, अशी ही योजना आहे. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांत 'स्किल लॅब' नावाची खोली असते. तिथे रबराच्या हातात सुई टोचतात आणि प्लॅस्टिकच्या छातीवर हृदयाचे ठोके परत आणण्याचा सराव करतात. साधने बदलली, युक्ती मात्र तीच आहे.

त्याच्या पुढचा, म्हणजे दहावा अध्याय आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे. त्याचे नाव विशिखानुप्रवेशनीय. विशिखा म्हणजे रस्ता. ज्याने ग्रंथ अभ्यासला, त्याचा अर्थ जाणला, गुरूचे काम डोळ्यांनी पाहिले, स्वतः सराव केला आणि राजाची परवानगी मिळवली, त्याने आता रुग्णांकडे जाण्याच्या रस्त्यावर पाऊल ठेवावे. ते कसे ठेवावे याचेही वर्णन आहे. नखे आणि केस कापलेले असावेत, अंग स्वच्छ असावे, वेष भपकेबाज नसावा, पायांत पादत्राण आणि हाती छत्री व काठी असावी, बोलणे गोड असावे, मनात कपट नसावे. आणि वस्त्र पांढरे असावे.

हे पांढरे वस्त्र वाचताच आजच्या वाचकाला डॉक्टरचा कोट आठवेल. पण दोहोंमध्ये थेट नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा. डॉक्टरचा पांढरा कोट वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट पुढे येईलच. राजाच्या परवानगीचे मात्र आजचे रूप चटकन ओळखता येते. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यकीय परिषद आणि डॉक्टरांची नोंदणी आली. आजही परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय पदवीधराला आपल्या नावाची पाटी लावता येत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकांना हा सगळा प्रवास अलीकडे अगदी जवळून पाहायला मिळतो आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. त्या वेळी डॉक्टर व्हायला निघालेल्या इथल्या मुलाला किंवा मुलीला गाडीत बसून बाहेर जावे लागे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०१६ मध्ये. केटीएस रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही गावाची जुनी ओळखीची रुग्णालये त्याला जोडली गेली. म्हणजे ज्या वॉर्डात गावकरी वर्षानुवर्षे उपचारासाठी जात होते, तेच वॉर्ड आता कोणाचे तरी वर्गही झाले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचे एक वर्ष इंटर्नशिप असा हिशोब मांडला, तर पहिल्या तुकडीच्या हाती वॉर्डाची जबाबदारी येण्याची वेळ नेमकी कोविडच्या साथीत, २०२१ च्या सुमारास येऊन ठेपली. पहिल्याच तुकडीला असा काळ वाट्याला येणे हा योगायोग मोठा कठीण म्हणायचा.

वॉर्ड हाच वर्ग, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. पण ती फार जुनी नाही. युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतके वैद्यक हा प्रामुख्याने ग्रंथ वाचण्याचा आणि वादविवाद करण्याचा विषय होता. हॉलंडमधील लायडन येथे हर्मन बोरहाव या प्राध्यापकाने १७१४ पासून फक्त बारा खाटांच्या वॉर्डात, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया, विद्यार्थ्यांना रुग्णाशेजारी उभे करून शिकवायला सुरुवात केली. बारा खाटा म्हणजे आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या खाटांपेक्षाही कमी. त्या बारा खाटांचा प्रभाव केवढा पसरला पाहा. बोरहावच्या विद्यार्थ्यांनी १७२६ मध्ये एडिंबरोत वैद्यकीय विद्याशाखा उभी केली, तिथे १७४८ मध्ये जॉन रदरफर्ड यांनी रुग्णालयात व्याख्याने सुरू केली, आणि पुढे त्याच एडिंबरोत शिकलेले चार्ल्स मोरहेड मुंबईत आले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा मोरहेड त्याचे पहिले प्राचार्य झाले. कॉलेजाला लागूनच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. पुराणवस्तू आणि शिलालेखांचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. भाऊ दाजी लाड आणि प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे दोघे याच तुकडीतले.

या व्यवस्थेत एक न बोललेला करार होता. रुग्णालय धर्मादाय, उपचार फुकट, आणि त्या बदल्यात गरिबाच्या शरीरावर विद्यार्थी शिकणार. करारातल्या एका बाजूला मात्र कोणी काही विचारलेले नसे. त्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे व्हिएन्नात दिसले, आणि ती गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी. दोन्हींकडे येणाऱ्या बाया सारख्याच गरीब, इमारत एकच, हवा एकच. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतरोगाने १०० पैकी ११ हून अधिक स्त्रिया दगावल्या, तर दुसऱ्यात १०० पैकी तिघींहून कमी. शहरातल्या स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या हातापाया पडत. चौकशी समितीने विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, आडदांडपणे तपासणी करतात असे ठरवले आणि त्यांची संख्या निम्म्यावर आणली. काही महिने मृत्यू घटले आणि एप्रिल १८४७ मध्ये पुन्हा उसळले.

तिथला सहायक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस या कोड्याने अस्वस्थ झाला होता. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शवतपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाइसच्या ध्यानात आले, की या शरीरात जे आढळले तेच त्या बाळंतिणींच्या शरीरांत आढळते. मग दुवा उलगडला. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदनाच्या खोलीत काम करीत आणि तिथून सरळ प्रसूतीच्या वॉर्डात जात. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मृत्यू विद्यार्थ्यांच्या हातांवरून चालत जात होता.

मेच्या मध्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय वॉर्डात शिरू नये असा नियम केला. जूनमध्ये पहिल्या विभागातले मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले, आणि १८४८ या पूर्ण वर्षात दोन्ही विभागांचे प्रमाण शेकडा दीडच्या आत होते. लक्षात घ्या, जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत अजून मांडला जायचा होता. सेमेलवाइसने जंतू पाहिले नव्हते. त्याने दोन गटांची तुलना केली होती. नववी-दहावीच्या वर्गात 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना हे उदाहरण घेऊन पाहावे. एकेक शक्यता, म्हणजे गर्दी, हवा, भीती, आडदांडपणा, मुलांनी स्वतःच मांडावी आणि आकड्यांवरून खोडावी. तास छान रंगतो.

आमच्या दृष्टीने यात दुसराही मुद्दा आहे. वर्गातून वॉर्डात जाताना विद्यार्थी ज्ञान घेऊन जातो असे आपण मानतो. व्हिएन्नातल्या विद्यार्थ्यांनीही ज्ञान नेले, पण हातावर आणखी काय आहे हे पाहण्याची रीत त्या उंबरठ्यावर नव्हती. विद्यार्थी कमी करून प्रश्न सुटला नाही. उंबरठ्यावर पाण्याचे भांडे ठेवल्यावर सुटला.

आता पांढऱ्या कोटाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतला डॉक्टर काळा कोट घाले, आणि शस्त्रक्रियाही त्याच कोटात करी. हा बदल चित्रांतून पाहायचा तर फिलाडेल्फियाचे चित्रकार थॉमस इकिन्स यांची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस आणि त्यांचे सहकारी काळ्या कोटांत शस्त्रक्रिया करीत आहेत. १८८९ च्या चित्रात डॉ. अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या कपड्यांत आहेत, आणि शेजारी प्रशिक्षित परिचारिका उभी आहे. मधल्या चौदा वर्षांत लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत शल्यचिकित्सकांच्या गळी उतरली होती. मळ दिसावा म्हणून पांढरा रंग! गंमत अशी, की आता हाच कोट संशयित ठरला आहे. लांब बाह्यांवरून जंतू पसरतात म्हणून ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये कोपराखाली काहीही न घालण्याची सूचना काढली.

याच फिलाडेल्फियात, या दोन चित्रांच्या मधल्या काळात, आपली आनंदीबाई जोशी शिकत होती. १८८३ मध्ये ती तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाली. तिच्या आधीच्या विद्यार्थिनींना वॉर्डाचा उंबरठा सहज ओलांडता आलेला नव्हता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी याच महाविद्यालयाच्या मुली पेनसिल्व्हेनिया रुग्णालयातल्या व्याख्यानाला प्रथमच गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, त्यांच्यावर कागदाचे गोळे मारले, त्या बाहेर पडल्यावर रस्त्यातही त्यांचा पिच्छा पुरवला. वर्गात मुली शिकल्या तर फारसे बिघडत नव्हते. रुग्णाशेजारी उभ्या राहिल्या की बिघडत होते. आनंदीबाईची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात नेमणूक झाली होती, पण क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत ती मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. तेव्हा तिला बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर होता. तिचा वॉर्ड तिची वाट पाहतच राहिला.

परिचारिकांचा प्रवास याला समांतर चालला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली. आपल्याकडे पहिली प्रशिक्षित भारतीय परिचारिका म्हणून १८९१ सालच्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत असते. नर्सिंगच्या विद्यार्थिनी वॉर्डात जाण्यापूर्वी हाती दिवे घेऊन जी शपथ घेतात, ती नाइटिंगेल यांच्या नावाची असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. दिवा मात्र नाइटिंगेल यांचाच. क्रिमियाच्या युद्धात रात्री जखमी सैनिकांमध्ये फिरताना त्यांच्या हाती तो असे.

डॉक्टरांच्या बाजूला असा समारंभ उशिरा आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील बालमेंदूविकारतज्ज्ञ अर्नोल्ड गोल्ड यांनी १९९३ मध्ये 'पांढऱ्या कोटाचा समारंभ' सुरू केला, आणि पुढे तो भारतातही अनेक महाविद्यालयांनी उचलला. गोल्ड यांचे म्हणणे असे, की पदवीदानाच्या दिवशी शपथ घेणे म्हणजे चार वर्षे उशीर करणे. तोवर विद्यार्थ्याच्या सवयी बनून गेलेल्या असतात.

जुन्या ग्रंथांनी हा उशीर कधी केलाच नव्हता. ग्रीसची हिपोक्रेटिसची शपथ आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातली शपथ या दोन्ही शिक्षणाच्या दारात घ्यायच्या आहेत. चरकाच्या शपथेला अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य साक्षी असत. तिच्यातला एक भाग आजही जसाच्या तसा लागू पडावा असा आहे. रुग्णाच्या घरी परवानगी घेऊन, ओळखीच्या माणसाबरोबर जावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी रुग्णाच्या हिताखेरीज कुठेही वळू देऊ नये. त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत. तिच्यात आपल्याला न पटणारेही पुष्कळ आहे. राजा ज्यांचा द्वेष करतो त्यांना औषध देऊ नये, नवरा किंवा पालक जवळ नसता स्त्रीला उपचार करू नयेत, असेही ती सांगते. शिष्य निवडताना वर्णही पाहिला जाई. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये चरकशपथेचे सुधारित रूप प्रवेशाच्या वेळी घेण्याची शिफारस केली तेव्हा वाद झाला. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंनी मूळ मजकूर आधी वाचला असता तर तो अधिक उपयोगी झाला असता, असे आम्हांला वाटते.

सुश्रुताच्या दुसऱ्या अध्यायातली एक गोष्ट शिक्षकांसाठी मुद्दाम नोंदवतो. शिष्याला नियम सांगून झाल्यावर गुरूही स्वतःला बांधून घेतो. तू नीट वागत असताना मी तुझ्याशी वेगळ्या दृष्टीने वागलो, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. शिष्याकडून शपथ घेणारे समारंभ पुष्कळ आहेत. गुरूने विद्यार्थ्यांसमोर अशी शपथ घेतल्याचे आजच्या एखाद्या समारंभात दिसले तर आम्हांला आनंदच होईल.

समारंभाचा दिवस संपतो आणि मग केस पेपर हाती येतो. गोंदियात बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा भाषेची असणार. जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी बोलल्या जातात. कधीपासून दुखते, कुठे दुखते, कसे दुखते, हे तीन प्रश्न पुस्तकात सोपे दिसतात. देवरी किंवा सालेकसा भागातून आलेल्या आजीला विचारताना शेजारच्या खाटेवरच्या बाईची मदत घ्यावी लागते. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख आणि संवादाचे धडे आले. २०२१–२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. सेवाग्रामला हे नवे नाही, डॉ. सुशीला नायर यांच्या त्या महाविद्यालयात नव्या तुकडीचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते.

गोंदियातल्या गावात अशा कुटुंबाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या आजाराची आठवण ठेवावीच लागते, तो म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात तो पुष्कळ आढळतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या या रक्तदोषाविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले होते. हिमोग्लोबिनमधला एक छोटासा बदल, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, पोटात असह्य कळा येतात. एखादे मूल वारंवार 'हातपाय दुखतात' म्हणून शाळेला दांडी मारते, तेव्हा ते कारण नेहमीच खोटे नसते, हे या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

या वाकड्या पेशी वैद्यकाच्या वाङ्मयात प्रथम नोंदल्या गेल्या त्या एका इंटर्नमुळे. डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडाचा, आणि स्वतः दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याला पहिल्यांदा तपासले ते अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. नेहमीप्रमाणे त्याने रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्याला लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पुस्तकात असे काही नव्हते. काच खराब झाली असेल असे म्हणून त्याने ती टाकून दिली नाही. पेशींचे चित्र काढले, पुन्हा पुन्हा रक्त तपासले आणि आपले वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांना दाखवले. पुढची अडीच वर्षे दोघांनी नोएलच्या आजारपणांवर लक्ष ठेवले. १९१० मध्ये हेरिक यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्यावर नाव एकट्या हेरिक यांचे होते. आयर्न्स पुढे नामवंत डॉक्टर झाले. नोएलने आपला अभ्यासक्रम पुरा केला, तो ग्रेनाडाला परतला, तिथे दंतवैद्य म्हणून काम करू लागला, आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, छातीच्या विकाराने वारला.